सबहाविरुद्धची साक्ष

रोट्यांच्या भट्टीवर बायकांची रांग वेगळी, पुरुषांची वेगळी, आणि मध्ये फक्त एक लोखंडी दांडी. त्यामुळे तिकडचं सगळं आम्हाला ऐकू येतं, आमचं त्यांना, आणि दोन्हीकडचे आपण ऐकलंच नाही असं दाखवतात. मंगळवारी सकाळी मी अशीच उभी होते. माझ्यापुढे चौघीजणी. दांडीपलीकडे रक्क्याकडचा एक मेंढ्यांचा व्यापारी आपल्या सोबत्याला गोष्ट सांगत होता. आधी मी लक्ष दिलं नाही. मग ‘हमूद’ हे नाव आलं. मग ‘घोडी’. मग तो छातीवर हात ठेवून म्हणाला, “शिक्का हातात होता बरं का! शाईत बुडवलेला! समोर बैरूतचा शर्यतींचा बडा माणूस, शेजारी खुद्द शेख. आणि पडद्यामागून हमूदची एवढीशी पोर ओरडली, घोडीवर ओझ्याचा कदीश चढला होता, मी पाहिलंय. दुसरा कुणी असता तर पोरीच्या दोन थोबाडीत देऊन शिक्का उठवला असता. हमूदने शिक्का पुसला, खिशात टाकला. म्हणाला, माझ्या घोडीला ओझ्याच्या जनावराचा डाग लागलाय, अस्सल म्हणून दाखला मी देणार नाही. असा माणूस पुन्हा होणे नाही!” सोबती ‘वा!’ म्हणाला. माझ्यापुढची बाईसुद्धा मान वळवून ऐकत होती. आणि मी म्हटलं, “खोटं आहे.” मोठ्याने म्हटलं. मुलींच्या शाळेत पस्तीस वर्षं काढलेल्या बाईचा आवाज, तो काही दांडीपाशी थांबत नाही. व्यापारी माझ्याकडे बघून हसला. “मावशी, अख्ख्या फुरात नदीकाठाला ठाऊक आहे हे.” “असेल ठाऊक. खोटं आहे.” “तुम्ही होता वाटतं तिथे?” झालं. मी होते की तिथे. ती एवढीशी पोर मीच. पण बावन्न वर्षांत हे वाक्य मी कधी तोंडातून काढलं नव्हतं, आणि भट्टीच्या रांगेत ते निघेना. त्याने खांदे उडवले आणि सोबत्याला पुढचं सांगितलं. येत्या गुरुवारी दमास्कसहून घोड्यांच्या नोंदीची समिती शेख फरहानच्या बैठकीत येणार, सगळ्या टोळीच्या घोड्या लिहिल्या जाणार, पुन्हा काही ते येणार नाहीत. “हमूदच्या घराची एकच उरलीय. तिला कोण विचारतो! त्याचा मुलगा म्हणतोय, घोडीवर गाढव घालतो, खेचरं तरी विकली जातील.” माझ्या हातात कुणीतरी रोट्या कोंबल्या आणि मला बाजूला सारलं.

गरम रोट्या हाती आल्या की आमच्या हलब शहराची कुठलीही बाई आधी त्या भिंतीवर नाहीतर कठड्यावर एकेक पसरते, वाफ जाऊ देते, मगच घरी नेते. मी तशाच चळत करून छातीशी धरून चालले. कोपर भाजत होतं. भाजू दे म्हटलं. घरी पोचले तेव्हा त्यांचा एक गोळा झाला होता, एकेक वेगळी काढायला गेले तर फाटत होती. तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या स्वयंपाकघरात मी तो गोळा समोर ठेवून बसले आणि मनात एकच चालू होतं: गाढव. सबहाच्या, आमच्या त्या घोडीच्या, पणतीवर गाढव. तिला नेऊन खाटकाला दिलं असतं तरी मला इतकी लाज वाटली नसती. खेचराला खेचर होत नाही. आईवरून लेकीला, लेकीवरून नातीला जे नाव आमच्याकडे चालत येतं, ते एका जनावराच्या पोटात जाऊन संपणार, आणि ते मी संपवणार. नव्वाफ नव्हे, माझा भाऊ बिचारा काय करेल? त्याच्या हातात डागाळलेली घोडी आली, तो तिला डागाळलेलीच समजतो. आमच्या माणसांचा एक ठाम समज आहे, आणि आजही शिकलेली पोरं तो मान खाली घालून मानतात: अस्सल घोडीवर एकदा जरी ओझ्याचा घोडा चढला तर तिची कूसच बिघडते, मग पुढे कितीही चांगला नर लावा, तिच्या पोटी येणारी प्रत्येक शिंगी बाटलेली. शाळेत मी जीवशास्त्राच्या बाईंना एकदा विचारलं होतं. त्या खो खो हसल्या. म्हणाल्या, मिझनाबाई, असं काही नसतं हो. त्यांचं हसणं मला पुरे होतं, पण बैठकीतल्या म्हाताऱ्यांना जीवशास्त्राच्या बाई काय कामाच्या?

घोड्यांवर माझं प्रेम आहे असं लोक म्हणतात. माझ्या विद्यार्थिनी म्हणतात, शेजारीण म्हणते, भूगोलाच्या तासाला मी वाळवंट शिकवायला घेतलं की घोडीवरच येऊन थांबत असे म्हणून तपासनीसाने माझ्याविरुद्ध शेरासुद्धा मारला होता. मला हा शब्द पटत नाही. प्रेम माणसावर करावं, तेही सोसेल तेवढंच. माझं घोड्यांशी जे आहे ते भुकेसारखं आहे. ओल्या लवेचा वास, पाणी पिताना तिच्या गळ्यातून एकेक घोट खाली जाताना दिसतो ते, कानांची टोकं एकमेकींकडे वळून जवळजवळ लागतात ते, हे मला रोज आठवावं लागतं, नाहीतर दिवस पोटात उतरत नाही. आणि गोष्टी. आजोबा आमच्या तंबूत कॉफी कुटत कुटत घोड्यांच्या गोष्टी सांगायचे, आणि आम्ही पोरी पडद्याच्या अलीकडे, बायकांच्या बाजूला, पालथ्या पडून ऐकायचो. पडद्याला माझ्या डोळ्याच्या उंचीला एक भोक होतं. मीच पाडलं होतं. जखमी धन्याला दातांनी कपड्याला धरून घरी आणणारी घोडी. विहिरीवर शत्रू लपलाय हे कळून, तहानेने जीव चालला तरी पाण्याला तोंड न लावणारी. आणि माझी सगळ्यांत आवडती, त्या चतुर माणसाची, ज्याची घोडी तुर्कांच्या सुभेदाराला हवी होती. शिपाई न्यायला आले तर ह्याने उंटांच्या खरजेचं डांबर तिच्या अंगाला फासून ठेवलेलं. म्हणाला, न्या ना बाबांनो, न्या, आठ दिवसांत तुमचा तबेला खरजेने भरेल. शिपाई नाकाला फडकं लावून पळाले. ह्याने घोडी धुतली आणि वर बसून निघून गेला. सगळा तंबू हसायचा. आजोबा तर डोळे पुसायचे. धन्याने आपल्याच घोडीची बदनामी केली आणि घोडी वाचली, ह्यात कुणालाच काही वावगं दिसायचं नाही, कारण गोष्टीत डांबर धुता येतं.

मी दहा वर्षांची होते तेव्हा तो बैरूतवाला आला. शेखने स्वतः त्याला आमच्या तंबूत आणलं, म्हणजे नाही म्हणायची सोयच नव्हती. सबहा तेव्हा आठ वर्षांची. करडी, मानेवर लाल ठिपके फुटायला लागलेले. तिला पाण्यावर न्यायचं काम माझं होतं. ते काम मी आईच्या हातचा मार खाऊन मिळवलं होतं, भावाचं काम होतं ते. बैरूतवाल्याने तिचे दात पाहिले, पाय दाबले, तिच्या पोटाखालून वाकून पलीकडे पाहिलं. मला त्याच्या बोटांतल्या अंगठ्या आठवतात. माझ्या बापाला ती द्यायची नव्हती, हे तंबूतल्या कुत्र्यालाही कळलं असतं, पण पाहुणा शेखचा होता. मग दाखला लिहायला बसले. लेखनिकाने आई, आजी, पणजीची नावं लिहिली आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, “या घोडीबद्दल कुणाला काही ठाऊक असेल तर देवाला स्मरून आत्ता बोला, नाहीतर कायमचं गप्प बसा.” हा प्रश्न फक्त विचारायचा असतो. कुणी कधी बोलत नाही. बापाने शिक्का शाईत बुडवला. आणि मी भोकाला तोंड लावून ओरडले, “वसंतात, विहिरीवर! गिरणीवाल्याचा घोडा तिच्यावर चढला होता. मी पाहिलं!” आईने मागून माझे केस धरले. पुरुषांच्या बाजूला निखाऱ्यावरची किटली खदखदत होती. मग म्हातारा शेख म्हणाला, “एवढ्याशा पोरीला असलं काही मनाने बनवता येत नाही. तिने पाहिलंच असणार.” मूर्ख! घोड्यांत वाढलेल्या पोरीला याशिवाय दुसरं येत काय होतं? बापाने पडदा वर केला. वाकून माझ्या तोंडाजवळ तोंड आणलं. “पाहिलंस?” “पाहिलं.” त्याने मला मारलं नाही. दुसऱ्यांदा विचारलंही नाही. पडदा सोडला आणि शिक्का फडक्याने पुसताना मी त्याला भोकातून पाहिलं, सावकाश, प्रत्येक अक्षराच्या खाचेत फडकं घालून पुसत होता. बैरूतवाला संध्याकाळच्या आत निघून गेला.

मला काय वाटलं होतं? मला वाटलं होतं आता सगळे हसतील. बाप येईल, माझा कान धरेल, डोळे पुसेल, म्हणेल, शाब्बास गं चतुर कारटे. मी दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी उठले तर सबहा तंबूच्या दाराशी नव्हती. बापाने तिला मागच्या बाजूला बांधली होती, ओझ्याच्या जनावरांजवळ. घोडीला ते कळत नव्हतं असं मला कुणी सांगू नये. ती मान उंच करून दाराच्या दिशेला बघत होती. तिथून पुढे अकरा वर्षं ती मागेच. बाप तिला स्वतः चारायचा, तिच्यासाठी उंटिणीचं दूध राखून ठेवायचा, नर लावायचा तो अस्सलच, शेखच्या घरचा. लोक हसायचे, खरकट्या पाण्यात गुलाबपाणी कशाला ओततोस रे हमूद, म्हणायचे. तो लावायचाच. पण कुणासमोर तिची कुळी म्हणून दाखवली नाही त्याने पुन्हा. आणि मी? मी खूश होते! हे मी लपवणार नाही, आज बासष्टाव्या वर्षी तर मुळीच नाही. मी तिला रोज पाण्यावर नेत होते. तिच्या उघड्या पाठीवर उताणी पडून मी आभाळ मागे सरकताना पाहिलंय. बैरूतच्या शर्यतीत तिचे पाय मोडेपर्यंत पळवलं असतं तिला. ती माझ्याकडे होती. डाग तिला दिसत नव्हता, मला दिसत होता, आणि मी नजर फिरवायला शिकले. चौदाव्या वर्षी मला शिकायला मावशीकडे धाडलं, मग हलबला अध्यापिका विद्यालयात. तिथे एक दिवस ट्रकवाल्याबरोबर बापाचा निरोप आला, दोन शब्दांचा: घोडी गेली. मी वसतिगृहाच्या मोरीत नळ सोडून रडले. तेव्हा सांगायला हवं होतं. तेव्हा नाही, तर बाप आजारी पडला तेव्हा. मी गावी गेले, त्याच्या उशाशी बसले, तोंड उघडलं. तो माझ्या हातावर हात ठेवून म्हणाला, “घोडी चांगली होती हं.” मी म्हटलं, “हो बाबा.” एवढंच. चाळीस मुलींसमोर कधी न अडखळलेली मी. माझ्यासारखी भित्री बाई मी दुसरी पाहिली नाही.

बुधवारी सकाळच्या गाडीने मी निघाले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, जायचं तेवढं ठरलं होतं. खिडकीतून कापसाची शेतं जात होती, पाण्याचे पंप, सिमेंटची घरं. मी लहान असताना इथे काहीच नव्हतं, आणि त्या काहीच नसण्यात आम्ही होतो. शेजारच्या बाईने मला बिया दिल्या, मी त्या सोलून खाल्ल्या, साली पदरात गोळा केल्या. मध्येच असं वाटलं की गाडी वळवून घ्यावी. वाटेल ते वाटतं. वाटण्यावर कोण जातं?

नव्वाफ दारातच भेटला. माझा धाकटा भाऊ, अठ्ठावन्नचा, हुबेहूब बापाचा चेहरा, फक्त मिशा जास्त खवळलेल्या. “ताई! न कळवता?” मी म्हटलं, “आधी घोडी दाखव.” नजला घरामागे होती, पत्र्याच्या आडोशाला. तेरा वर्षांची, करडी, मानेवर लाल ठिपके. मी तिच्या गळ्याखाली हात घातला आणि तिथेच भावाला सगळं सांगून टाकलं. तिच्या मानेकडे बघत सांगितलं, त्याच्याकडे बघत नव्हते. सांगून झालं. मग म्हणाला, “कुणाला सांगितलंस?” “तुला. उद्या बैठकीत सांगणार.” “डोकं फिरलंय तुझं?” त्याचा आवाज चिरकला. “ताई, बाबांची एकच गोष्ट उरलीय जगात. जमीन नाही, कळप नाही, घर नाही. एक गोष्ट आहे! शिक्का पुसणाऱ्या हमूदची. मी कुठल्याही बैठकीत जातो, लोक सरकून जागा देतात, हमूदचा मुलगा म्हणून. आणि तू उद्या उठून सांगणार की माझा बाप दहा वर्षांच्या कारटीकडून उल्लू बनला? की त्याने अस्सल घोडी अकरा वर्षं ओझ्याच्या जनावरांत बांधली? आपल्यात ह्याला काय म्हणतात माहीत आहे ना तुला? पाप म्हणतात!” मी म्हटलं, “पाप माझं आहे.” “त्याच्या नावावर लागेल!” “आणि हिच्या नावावर लागलंय त्याचं काय?” मी नजलाकडे बोट केलं. “ही घोडी आहे,” तो ओरडला, “आणि तो बाप होता!” नजलाने कान मागे टाकले. मग तो हळू आवाजात म्हणाला, “माझ्या जिवंतपणी त्याला मारू नकोस, ताई.” मला माझ्या भावाची दया आली. खरंच आली. त्याच्या बायकोने दह्यातलं मटण आणि भात वाढला, आम्ही दोघांनी एकमेकांकडे न बघता जेवण केलं, आणि मी ठरवलं की नजलाला घेऊन मी एकटीच जाणार. गुरुवारी सकाळी मी तिला सोडली तेव्हा तो दारात उभा होता. अडवलं नाही. थोड्या वेळाने मागून त्याची पावलं ऐकू आली.

शेख फरहानची बैठक म्हणजे आता सिमेंटची लांबलचक खोली, पण घोड्यांसाठी सगळे बाहेर, अंगणात बसले होते. फरहान त्या जुन्या शेखचा मुलगा. त्या दिवशी तंबूत तो वीस-बावीसचा असेल, बैरूतवाल्याला कॉफी ओतून देत होता. आता त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, पण जरबेत फरक नाही. समितीचा जनावरांचा डॉक्टर तरुण, चष्मेवाला, समोर मोठी नोंदवही. एकेक घोडी यायची, दोन म्हातारे तिची कुळी सांगायचे, डॉक्टर लिहायचा. मी नजलाला घेऊन मध्ये उभी राहिले तेव्हा एकदम कुजबूज झाली. कुणीतरी म्हणालं, “ही हमूदची. ही कशाला आणली?” फरहान म्हणाला, “मिझना, बेटा, बस. तुझ्या बापाचा मी मान ठेवतो. त्याने स्वतः जिला दाखला दिला नाही, तिच्या लेकीबाळींना मी देऊ?” मी म्हटलं, “शेख, त्या दिवशी पडद्यामागून मी ओरडले ते खोटं होतं. घोडीवर कुणी चढलं नव्हतं. मला ती जाऊ द्यायची नव्हती.” असं मी म्हटलं. बावन्न वर्षं घशात अडकलेलं, आणि बाहेर पडायला भाकरीच्या घासाइतकासुद्धा वेळ लागला नाही. डॉक्टरने पेन खाली ठेवलं. म्हाताऱ्यांतला एकजण हसायला लागला आणि मध्येच थांबला. फरहान माझ्याकडे बघत राहिला. “मग तू तेव्हा खोटी होतीस,” तो म्हणाला, “की आता आहेस? तेव्हा खोटं बोलली असशील तर खोटारडीची साक्ष आम्ही घेत नाही. खरं बोलली असशील तर घोडी बाटलेली. दोन्ही बाजूंनी तुझी घोडी माघारीच जाते, बेटा.” अंगणात पसंतीच्या माना हलल्या. सगळ्यांना आवडलं ते. मलाही आवडलं, इतकं व्यवस्थित होतं.

मी म्हटलं, “रिंगण काढा.” आमच्याकडे जिथे कागद संपतो तिथे रिंगण असतं. जमिनीवर तलवारीने गोल काढायचा, शपथ घेणाऱ्याने आत उभं राहायचं, आणि आत खोटं बोललेल्याचं कधी भलं झालेलं नाही. फरहान म्हणाला, “बायका रिंगणात जात नाहीत. तुझ्यातर्फे भाऊ घेईल, घेत असेल तर.” सगळ्यांनी नव्वाफकडे पाहिलं. तो मागे भिंतीशी उभा होता. त्याने मान खाली घातली. मी म्हटलं, “भाऊ तेव्हा सहा वर्षांचा होता, तंबूत झोपला होता. तोंड माझं होतं, शपथही माझी. साक्ष द्यायला दहा वर्षांची पोर चालली तुम्हाला, तेव्हा नाही कुणी म्हणालं बायकांचं घेत नाहीत म्हणून!” तलवार कुणाकडे नव्हती. मीच मोडक्या नांगरांच्या ढिगातली एक सळई उचलली आणि स्वतःभोवती गोल काढला. वाकडातिकडा आला. गुडघे दुखत होते. मी आत उभी राहून देवाचं नाव घेतलं आणि म्हटलं, सबहा, जिची आई अमशा, जिची आजी हुझवा, तिच्यावर अस्सल घोड्याखेरीज कुणी कधी चढलं नाही, मी पाहिलं नाही, दुसऱ्या कुणी पाहिलं नाही, मी खोटं बोलले. फरहान म्हणाला, “मुलं ना बाळं. तुझं नुकसान होण्यासारखं आहे काय? तू कशावर शपथ घेतेस?” हे लागलं. लागायलाच बोलला होता तो. मी म्हटलं, “माझ्याकडे एकच होतं, शेख. माझ्या बापाची गोष्ट. ती मी आत्ता तुमच्यासमोर मोडली. तुमच्यापैकी कुणी आपल्या मुलाबाळांवर शपथ घेऊन एवढं महाग दिलंय का, सांगा.”

मग मलाच राग आला. इतक्या वर्षांचा, सगळ्यांवरचा, स्वतःवरचा. “आता माझं ऐका,” मी म्हटलं. “मी खोटारडी आहे म्हणता, कबूल. मग खोटारडीच्या शब्दावर घोडी बाटली कशी? गिरणीवाल्याला कुणी विचारलं? विहिरीवर दुसरं कुणी होतं? तुमच्याकडे माझ्या तोंडाशिवाय काय आहे? माझा शब्द टाकायचा तर दोन्ही टाका, घ्यायचा तर शपथेवर दिलेला घ्या! आणि ज्याला अजून वाटतं डाग आहे, त्याने यावं इथे, माझ्या शेजारी उभं राहावं, आणि देवाचं नाव घेऊन सांगावं की मी पाहिलं. या. कोण येतंय?” मी सळई रोवली. “तोपर्यंत मी इथून हलत नाही.” ऊन वर चढत होतं. डॉक्टर म्हणाला, “मावशी, मला अजून दोन गावं करायची आहेत.” मी म्हटलं, “मग ह्यांना सांग घाई करायला.” एका म्हाताऱ्याने कोणाला तरी कोपराने ढोसलं, तो उठला नाही. कॉफीवाला येऊन गेला, माझ्या बाजूला आलाच नाही. आता इथून पुढे ह्या बैठकीत मला कधीच कुणी कॉफी देणार नाही हे मला तेव्हा कळलं. बरं, नको. नजला माझ्या पाठीमागे उभी होती आणि तिचा श्वास माझ्या मानेवर येत होता, गरम, गवताच्या वासाचा. सबहाचा असाच यायचा. मला रडायचं नव्हतं आणि मी रडले नाही.

शेवटी फरहान काठी टेकून उठला. रिंगणापर्यंत आला. क्षणभर वाटलं की येतोय आत. रेषेच्या बाहेरच थांबला आणि माझ्याशी नाही, डॉक्टरशी बोलला. “लिही. नर आमच्या घरचे होते, ते मी सांगतो. आईकडची कुळी हिच्याकडून घे.” मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “आणि हिला पुन्हा साक्षीला बोलावू नका.” तो आत निघून गेला. डॉक्टरने वही पुढे ओढली. मी रिंगणातूनच सांगत गेले: नजला, आई तर्फा, तिची आई शिहा, तिची आई सबहा. त्याने पटापट लिहिलं. “झालं मावशी. साक्षीदार म्हणून नाव?” “मिझना, हमूदची मुलगी. आणि पुढे लिही, हिने दहाव्या वर्षी या घोडीच्या पणजीविरुद्ध खोटी साक्ष दिली होती.” तो चष्म्यावरून बघायला लागला. “मावशी, याला रकाना नाही.” “समास आहे ना?” “मी असं कसं लिहू? वरचे लोक मला विचारतील.” “विचारू दे. उद्या दुसरा कुणी मेंढ्यावाला उठून जुनीच गोष्ट सांगेल. तुझ्या वहीत नुसती कुळी असली तर लोक गोष्टीवर विश्वास ठेवतील, मी शिक्षिका आहे, मला ठाऊक आहे. लिही.” त्याने सुस्कारा टाकला आणि समासात बारीक अक्षरात लिहायला घेतलं. मी वाकून पाहत होते. तो थांबला तशी मी म्हटलं, “अजून आहे. लिही, तिच्या बापाने तिला एकदाच विचारलं. आणि तिच्यावर विश्वास ठेवला.” डॉक्टरने मान वर केली. मग लिहायला लागला. जागा संपली होती, शेवटचे शब्द त्याने वही आडवी करून लिहिले. मी म्हटलं, “आता वाच.” तो पुटपुटत वाचायला लागला. भिंतीपाशी नव्वाफ अजून उभा होता, दोन्ही हात मागे बांधून, जमिनीकडे बघत.

“तसं नको,” मी म्हटलं. “तिकडे ऐकू जाईल असं वाच.”